चार हाका

धुरपदाबाईचं डावं अंग होळीच्या आधी गेलं, आणि होळी उलटून आठ दिवस होत नाहीत तोच थोरला चुडामण जसोंडीला आला आणि घरातले देव घेऊन गेला.

बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याला त्याचं दोर-ताडपत्र्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर दोन जिने चढून घर. येतानाच तो पितळेचं ताट आणि नवं लाल फडकं घेऊन आला होता. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडेरावाचा टाक, झिजून गुळगुळीत झालेला शाळिग्राम, असे एकेक देव त्यानं देव्हाऱ्यातून उचलून ताटात मांडले.

"इथं पूजेबिगर राहतीन रे," तो धाकट्या भावाला म्हणाला. "माय हिंडत-फिरत होती तवर ठीक होतं. तू काई दिवा लावनार नाही."

सुकलालनं खरंच लावला नसता.

म्हातारी खाटेवरून पाहत होती. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत. "देव नेतो," ती म्हणाली, "मले कवा नेतो?"

चुडामणचे डोळे भरून आले. ताट खाली ठेवून तो तिचे पाय दाबू लागला. "माय, दोन जिने आहेत वो, उभे. तुले चढवायचं म्हटलं तं चार मानसं लागतीन. अन् तुह्या सुनेचे गुडघे तं तुले माहीतच आहे."

यात खोटं काही नव्हतं. चुडामण माणूस वाईट नव्हता. दर रविवारी यायचा, गोळ्या आणायचा, मायच्या उशाशी बसून स्तोत्र म्हणायचा आणि जाताना रडायचा. पण वाटणी झाली ती झाली: देव एकाकडे, माय दुसऱ्याकडे. शेजारच्या लोटूनं पारावर ती तशीच बोलून दाखवली तेव्हा लोक हसले, आणि मग हसल्याचं वाईट वाटून गप्प बसले.

सुकलाल चौपन्न वर्षांचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. दोन एकर केळी आणि ही खाट, एवढाच संसार. तो देव मानत नाही हे गावाला ठाऊक होतं. बायको गेली म्हणून तो असा झाला, असं गाव समजत होतं. ते तसं नव्हतं. लहानपणापासून तो सगळ्यांसारखा हात जोडून उभा राही, डोळे मिटी, आणि आत काहीच होत नसे. बाकीच्यांना होतं तसं आपल्यालाही कधीतरी होईल म्हणून त्यानं पुष्कळ वर्षं वाट पाहिली, आणि मग हात जोडणं सोडून दिलं. वाद त्यानं कुणाशी घातला नाही. सप्ताहात मांडवाचे खांब रोवायला तो पहिला, पंगतीला वाढायलाही असायचा. फक्त आरती सुरू झाली की मागच्या बाजूला जाऊन मोठी पातेली घासत बसायचा.

आता पहाटे उठून तो चुलीवर पाणी ठेवी. म्हातारीला कुशीवर वळवून खाली अंथरलेलं धोतर ओढून काढी, ओल्या फडक्यानं अंग पुसी, जांघेत खोबरेल लावी. चुडामणनं शहरातून मोठ्या माणसांची डायपरं आणली होती. त्या उकाड्यात तिची कातडी सोलवटली तेव्हा सुकलालनं ती कोपऱ्यात टाकली आणि जुनी धोतरं फाडायला घेतली. पहिले पंधरा दिवस तो लुगडं बदलू लागला की ती चांगल्या हातानं डोळे झाकून घेई. मग तेही तिनं सोडलं. नळावर तो धोतरं धुवायला बसला की बायका आपल्या बादल्या घेऊन जरा सरकून बसत. "सुकाभाऊ, पुढच्या जन्मी बाई होशीन," एक जण म्हणाली. तो पिळा घट्ट करत राहिला.

म्हातारीला मात्र एकच घोर लागला होता.

"चुडामण देवाले भेतो," ती म्हणायची. "तो मले टाकनार नाही. तू कोनाले भेतो?"

"जेव," तो म्हणायचा आणि खिचडीचा घास पुढं करायचा.

"आज करतो. उद्या मनात आलं, नाही केलं. कोन विचारनार तुले?"

आई आहे म्हणून करतो म्हणावं, तर आई चुडामणचीही होती. रानात ठिबकच्या नळ्या जोडता जोडता तो कधी कधी यावर विचार करी. माणूस ओल्यात पडलेलं दिसलं की हात पुढं होतात, एवढंच त्याला सापडलं. ते काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

वैशाखात रान पेटल्यासारखं झालं. केळीची पानं चिरून चिंध्या झाली, काठ करपून तपकिरी पडले. उन्हानं घड काळे पडू नयेत म्हणून तो वाळल्या पानांनी ते झाकत फिरायचा. रानातली लाईट दहा ते चार, म्हणजे नेमकी जीव नकोसा होण्याच्या वेळेला. बोअरचं पाणी करंगळीएवढं झालं होतं, त्यात खारी येऊन नळ्या कुरतडून ठेवत. एकेका ओळीनं वाकत जायचं, फुटलेली जागा कापायची, जोड बसवायचा. दोन तासांनी घरी पळत यायचं, मायला कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, पुन्हा रानात. रान घरापासून मैलभर.

त्या मंगळवारी म्हातारीचं पोट बिघडून दोन दिवस झाले होते. आदल्या दिवशी त्यानं तिला आठ वेळा धुतलं होतं. सकाळपासून तीन वेळा झालं. दुपारी एकला तो रानातून आला तेव्हा चौथ्यांदा झालं होतं, खाटेच्या दोरांतून खाली फरशीवर आलं होतं. त्यानं ते काढलं, तिला पुसलं, खाट पुसली, हात राखेनं घासले आणि ताकभात कालवून तिच्यापुढं बसला. तोवर तो स्वतः काही जेवला नव्हता.

तिनं चांगल्या हातानं ताटली उडवली. ताकभात त्याच्या छातीवर आणि भिंतीवर गेला.

"काय घातलं यात?" ती म्हणाली. "कालपासून माह्यं पोट उगीच नाही जाऊ राह्यलं. तुले वर कोनी विचारनारा नाही. बायकोबी तुही अशीच गेली."

सुकलालनं ताटली उचलली. फरशीवरची शितं बोटांनी गोळा केली, भिंत पुसली. मग तो बाहेर गेला आणि अंगणातल्या निंबाखाली उघड्या जमिनीवर आडवा झाला. निंब दारापासून पंधरा पावलांवर. रानात मोटर चालूच होती.

थोड्या वेळानं म्हातारीनं हाका मारल्या. त्याला त्या ऐकू आल्या. तो उठला नाही. मग आतून काही ऐकू येईनासं झालं. झोपली असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. म्हणतानाच त्याला ते खरं वाटलं नाही, तरी तो झोपला.

चारला त्याला जाग आली ती तोंडावर ऊन आल्यानं. घराचं दार पश्चिमेला होतं. म्हातारी खाट आणि दार यांच्या मध्ये पडली होती, पाण्याच्या माठाकडे हात करून. कमरेपासून खालचं अंग उन्हात होतं. फरशी अशी तापली होती की त्याला अनवाणी पाय ठेवता येईना. त्यानं तिला उचललं तेव्हा मांडीची कातडी फरशीला राहिली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं लोटू आपल्या घरातून धावत आला.

लोटूच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला बुऱ्हाणपूरला नेलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. "इस उमर में ऑपरेशन नहीं झेल पाएंगी," तो म्हणाला. "घर ले जाओ. सेवा करो."

धाकटी बहीण अलका दुसऱ्याच दिवशी चांदनीहून आली आणि राहिली. भाजलेल्या जागेला मलम लावताना तिनं मायला विचारलं, "पडलीच कशी वो तू?"

"पानी पाह्यजे होतं," म्हातारी म्हणाली. "हाका मारल्या मी. पन सुका रानात होता बिच्चारा. मोटर सोडून कसा येनार?"

सुकलाल दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यानं तोंड उघडलं. अलकानं त्याच्या हातातून तांब्या घेतला, आणि तो तसाच उभा राहिला.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला म्हातारी हेच सांगायची. रानात होता बिच्चारा. लोक सुकलालकडे पाहून मान हलवायचे. एक मात्र झालं: तू कोणाला भितोस, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तो पाणी पाजायला बसला की त्याचं एक बोट मुठीत धरून ठेवायची. सहाव्या दिवशी अलका नळावर गेलेली असताना तो खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, मी रानात नव्हतो. अंगनात होतो." म्हातारीचे डोळे उघडे होते. अंगात ताप होता. "गुरं सोडली का?" तिनं विचारलं. गुरं विकून बारा वर्षं झाली होती. "सोडली," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

चुडामणनं सगळं रीतसर केलं. दहाव्याला ताप्तीवर राजघाटाला गेले. नदी आटून खडक उघडे पडले होते, मधल्या डोहात हिरवट पाणी. न्हाव्यानं आधी चुडामणचं डोकं केलं, मग सुकलालकडे पाहिलं. "बस रे," चुडामण म्हणाला, "मायसाठी." सुकलाल बसला. केसांचं काय, असं त्याला वाटलं.

पिंड ठेवून झाल्यावर पायऱ्यांच्या सावलीत सोयरेधायरे बसले. चुडामणनं सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी देव नेले," तो म्हणाला, "पन देवाची सेवा यानं केली." विधी सांगणारे गुरुजी म्हणाले, "श्रावणबाळ हो. आजच्या काळात कुठं मिळतो?"

सुकलाल उठला आणि पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेला. त्याला वाईट वाटलं असेल म्हणून चुडामण मागोमाग आला.

"भाऊ," सुकलाल म्हणाला, "मायनं हाका मारल्या तवा मी रानात नव्हतो. निंबाखाली होतो. जागा होतो."

चुडामणनं पाण्याकडे पाहिलं. खडकाच्या कपारीत झेंडूचे कुजके हार अडकले होते.

"कोनाले सांगितलं हे?"

"कोनाले नाही."

"मंग सांगू बी नको." त्यानं मागं वळून पायऱ्यांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "हे पाह्य. तीन बुचकळ्या मार. ताप्तीमाईचं नुसतं नाव घेतलं तरी पाप धुतलं जातं, तू तं काठावर उभा आहे. माह्या हातून काय कमी झालं का? मायले दोन जिने चढवून नेता आलं असतं मले. मी रोज देवापुढं कबूल करतो. हलकं होतं."

"तुह्यं होत असीन."

"एक बुचकळी मारायले काय जातं तुह्यं?"

"काई जात नाही. पन ती मले हाक मारू राह्यली होती भाऊ. नदीले नाही."

चुडामणला राग आला. त्याच्या तासलेल्या डोक्यावर घाम आला होता, तो त्यानं पंच्यानं पुसला. "तू तं देव मानत नाही," तो म्हणाला. "वर पाहनारा कोनी नाही म्हनतो. मायलेबी माहीत नव्हतं, गावालेबी नाही. मंग पाह्यलं कोनी तुले?"

"मी होतो ना तिथं," सुकलाल म्हणाला.

चुडामण एकटाच पाण्यात उतरला आणि नाक धरून त्यानं तीन बुचकळ्या मारल्या, आणि मग आणखी तीन. भावाच्या वाट्याच्याही त्यानं मारल्या असाव्यात.

तेरावं झालं. अलका चांदनीला परत गेली. सुकलालनं खाट भिंतीला उभी केली, धोतरांच्या चिंध्या जाळल्या. दिवसा रानात जीव लागत होता, पण लोटू केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला मदतीला आला की काहीतरी चांगलं बोलायचाच: तुझ्यासारखं कोणी केलं नसतं, म्हातारी नशिबाची. सुकलालच्या हातातला विळा तेवढ्यापुरता थांबायचा. गुळगुळीत नाणं खोटं आहे हे आपल्याला माहीत असावं आणि दुकानदारानं आदरानं सगळे सुटे पैसे आपल्या हातावर ठेवावी, तसं ते होतं. पाच दिवस त्यानं काढले. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो चांदनीला गेला.

अलका ओट्यावर सुपात गहू निवडत बसली होती. त्याला पाहून तिला आनंद झाला. "ये दादा," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली, "रश्मी, मामाजींले पानी दे बरं. चायबी ठेव." रश्मीनं पाणी दिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत गेली.

"मी इथं सगळ्यांले सांगत असते," अलका म्हणाली. "माह्या सासूचं मी बाई असून इतकं नाही केलं. देव मानो न मानो, देव तुह्यं भलं करीन."

"अलका," तो म्हणाला. तांब्या त्यानं खाली ठेवला. "मायनं हाका मारल्या तवा मी अंगनात होतो. निंबाखाली. मले ऐकू येत होत्या."

तिचा हात सुपात थांबला.

"डोळा लागला असीन," ती म्हणाली.

"नाही. जागा होतो."

"थकेल होता तू. दोन दिवस तिचं पोट जाऊ राह्यलं होतं, मले लोटू बोलला."

"थकेल होतो. पन उठता येत होतं मले. ती बोलली होती काईबाई, त्याचा राग होता. मुद्दाम नाही उठलो."

आत स्टोव्हची भुरभुर चालू होती. अलकानं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"किती हाका मारल्या?"

"चार."

"कशा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला खरोखरच ऐकायचं होतं.

"पहिली रागाची होती. सुक्या म्हने. दुसरीले पुरं नाव घेतलं, सुकलाल. मी मांडीवर हात ठेवला होता उठायले. मंग वाटलं, पाहू दे जरा. कोन येतं ते पाहू दे तिले." तो थांबला. "तिसरीले बाबू म्हने."

"बाबू?"

"लहान असताना मी तापानं पडलो होतो, तवा म्हनत होती. त्याच्यानंतर कधी नाही."

"अन् चौथी?"

"चौथीत नाव नव्हतं. नुसता आवाज."

अलकानं पदर तोंडाशी धरला. ती रडली नाही. समोरच्या रुळांवरून मालगाडी गेली.

"मायले सांगितलं होतं?"

"सांगितलं. तवर तिले समजत नव्हतं."

"अन् भाऊले?"

"तो म्हने बुचकळी मार."

"मारायची होती मंग," ती एकदम म्हणाली. "मले कायले सांगितलं दादा? माय तं सुखानं गेली, तू रानात होता असं समजून. मीबी तसंच समजून राह्यली असती. आता मी काय करू याचं?"

"तू लेक आहे तिची. सगळे मले चांगलं म्हनतात. तूबी म्हनत होती. ते मले घेता येत नाही. भाऊचा देव आहे, तो त्याले सांगतो. मले दुसरं कोन आहे हक्काचं?"

रश्मी चहा घेऊन आली. दोघांकडे पाहून दारातच घुटमळली. "ठेव तिथं," अलका म्हणाली. रश्मीनं कप ओट्याच्या कडेला ठेवले आणि आत गेली. अलकानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि गहू निवडायला लागली. खडा समजून गहू उचलून टाकत होती, दोनदा, तीनदा. मग तिनं हात आवरला. चहावर साय धरली.

"औंदा राखीले येऊ नको," ती खाली पाहतच म्हणाली.

"बरं."

"पुढचं मले माहीत नाही."

"बरं."

तो उठला. हलकं होतं असं चुडामण म्हणाला होता. तसं काही झालं नव्हतं. उलट आतापर्यंत जे त्याच्या एकट्याचं होतं ते आता तिच्याही घरात येऊन बसलं होतं, तिच्या सुपात, तिच्या राखीत. पण परत जाऊन न सांगितल्यासारखं करावं, असंही त्याला वाटलं नाही. त्यानं चपला पायात घातल्या, अंगण ओलांडलं. मृग लागून चार दिवस झाले होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"दादा."

तो थांबला.

"डोकं उघडं आहे तुह्यं," अलका ओट्यावरूनच म्हणाली. "ऊन लागीन. बांध काईतरी."

त्यानं खांद्यावरचा पंचा काढून डोक्याला गुंडाळला. नुकत्याच फुटलेल्या खुंटांना कापड अडकत होतं, म्हणून दोनदा गुंडाळावं लागलं. मग तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. ती अजून ओट्यावर होती की आत गेली, हे पाहायला तो वळला नाही.